रिकामा रस्ता कुणाचा?

"कॅनॉल सोड आन् पानंदीनं जा," आजी म्हणाल्या.

"आनंदी कोण?" मी विचारलं.

मित्रमैत्रिणींनो, हसू नका. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे आमची सेकंड लँग्वेज, आठवड्यातून चार तास, परीक्षेपुरती. 'पाणंद' हा शब्द मला विसाव्या वर्षी एका उसाच्या शेताच्या कडेला भेटला. गावातून शेतांकडे जाणारी, दोन्ही बाजूंना बांध नाहीतर झाडोरा असलेली गाडीवाट म्हणजे पाणंद. आजींनी आधी मनसोक्त हसून घेतलं, मग सांगितलं. त्या दिवसापासून मी आमच्या रूमवर 'आनंदी' म्हणूनच ओळखली जाते. असो!

मराठी विभागाच्या संपादकांनी "सायकलवर काहीतरी लिही" म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मग वाटलं, लिहावं. कारण सायकलीच्या निमित्ताने माझं एक मत तयार झालंय, आणि ते अर्धं तुमच्यासाठी आहे, अर्धं आमच्या रेक्टर मॅडमसाठी.

सुरुवात एका वाईट गोष्टीने झाली. आपलं कॉलेज हायवेला चिकटून आहे, हे तुम्हाला सांगायला नकोच. पुणे-बंगळूर महामार्ग, जुना नंबर 4, आताचा 48. आपला चहा, आपली झेरॉक्स, आपला शनिवार-रविवार, सगळं त्या रस्त्याच्या पलीकडे. आमच्या वर्गातला एक मुलगा सेकंड इयरला सर्व्हिस रोडवर राँग साइडने आलेल्या गाडीखाली सापडला. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला आणि वर्ष गेलं. तो आता आमच्या ज्युनियर्सबरोबर बसतो. आम्ही सगळे हळहळलो, महिनाभर हेल्मेट घातलं आणि मग विसरलो. त्याला मात्र अजून जिना चढताना कठडा धरावा लागतो.

त्याच सुमारास एका पास-आउट झालेल्या ताईकडून मी साडेचार हजारांना तिची गिअरची सायकल घेतली. हौस मोठी. पहिल्याच रविवारी हायवेच्या कडेने निघाले आणि दहाव्या मिनिटाला परत आले. शेजारून ट्रक गेला की सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि मग त्याच्याकडे ओढली जाते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात याचं उत्तर मी छान लिहिलं असतं. प्रत्यक्षात माझे हात थरथरत होते. सायकल महिनाभर जिन्याखाली पडून राहिली.

तिला बाहेर काढलं सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलने. टेकडीवर ऑटो लेव्हल लावून आम्ही कंटूर काढत होतो, म्हणजे कंटाळत होतो. सरांनी खाली बोट दाखवलं. उसाच्या हिरव्या पट्ट्यांमधून एक करड्या रंगाची रेघ डोंगराच्या पायाला धरून वळत वळत गेली होती. सर म्हणाले, "कागदावरची समजत नाही ना? मग ती बघा. ती जमिनीवर काढलेली कंटूर आहे."

तो धोम धरणाचा डावा कालवा. गावात त्याला कुणी कालवा म्हणत नाही, 'कॅनॉल'च म्हणतात. धोम हे वाईजवळचं कृष्णेवरचं धरण. तिथून निघालेला हा कॅनॉल वाईच्या अंगाने येतो, हायवे ओलांडतो आणि कोरेगाव तालुक्याकडे सरकत जातो. पाणी पंपाशिवाय, आपल्या वजनाने वाहायला हवं, म्हणून त्याला उतार द्यावा लागतो. पण उतार जास्त झाला तर पाणी पोहोचवायचं शेत वर राहतं आणि कॅनॉल खाली जातो. म्हणून मोठ्या कालव्यांना अगदी नावापुरता उतार देतात, साधारण चार-पाच किलोमीटरला एक मीटर. डोंगराची सोंड आली की तिला वळसा घालायचा, ओढा आला की त्याच्यावरून जलसेतूने जायचं, पण उंची सोडायची नाही.

आता गंमत बघा. या कॅनॉलच्या काठाने देखभालीसाठी एक मुरमाचा रस्ता असतो. म्हणजे डोंगराळ मुलुखात चढ नसलेला, ट्रॅफिक नसलेला, सिग्नल नसलेला रस्ता आपल्या हॉस्टेलपासून वीस मिनिटांवर तयार आहे, आणि आपण तीन वर्षं महाबळेश्वरच्या जाममध्ये उभे राहून सेल्फी काढतोय!

पहिल्यांदा गेले तो नोव्हेंबरचा रविवार. मुरूम रात्रीच्या दवाने बसलेला होता, धूळ नव्हती. मागे पांडवगड, उजवीकडे लांब वैराटगड, आणि पुढे चंदन-वंदन हे जुळे किल्ले शेजारी शेजारी. कॅनॉलला आवर्तन सुटलं होतं. आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी. हाही शब्द नवा. पाणी माझ्याबरोबर चाललं होतं. सायकलच्या टायरखाली मुरमाचा जो एक चुरचुर आवाज येतो ना, त्याची सवय झाली की डांबरी रस्ता मुका वाटतो. दुसऱ्या रविवारी मी किकलीपर्यंत गेले. तिथलं भैरवनाथाचं जुनं दगडी देऊळ आणि तिथले वीरगळ बघितले. लढताना, गावासाठी, गाईगुरांसाठी मेलेल्या माणसांचे ते दगड. नाव कुणाचंच नाही. मी वहीत स्केच काढलं आणि परत आले.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. उसातून जाणाऱ्या एका पाणंदीचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला टाकला. मध्ये गवताची पट्टी, दोन्हीकडे चाकोऱ्या, वर बाभळीची कमान. खाली इंग्रजीत लिहिलं की बरं झालं, इथे अजून रस्ता पोहोचलेला नाही. साठ-सत्तर जणांनी बदाम पाठवले.

'आनंदी'वाल्या आजी याच पाणंदीच्या तोंडाशी राहतात. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांनी मला हाक मारून बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मी उत्साहाने त्यांना तो फोटो दाखवला. "आजी, तुमचा रस्ता. किती छान आहे ना!"

आजींनी फोन लांब धरून बघितला. म्हणाल्या, "ह्यो छान हाय व्हय? पावसाळ्यात ये मग. गुडघ्याएवढा चिखूल. थोरल्या सुनंला दुखाया लागलं तवा बाजंवर घालून डांबरीपतुर न्हेली चौघांनी. वाटंत दोनदा खाली ठिवली." जरा थांबून म्हणाल्या, "पोरगी झाली. चांगली हाय. पर त्या रातीचं आठावलं की अजून अंगावर काटा येतो."

मी फोन खिशात घातला.

मग त्यांनी उसाचं सांगितलं. पाणंदीत ट्रॅक्टर-ट्रॉली रुतते, म्हणून तोडणीची टोळी आतल्या शेतात शेवटी येते. तोपर्यंत उसाला तुरा येतो, वजन घटतं. टोळीवाले डांबरीपर्यंत मोळ्या वाहायचे जादा पैसे मागतात. म्हणजे मला जो 'अनटच्ड' रस्ता म्हणून आवडला, त्याच्यापायी एका घराचं दरवर्षी टनावारी नुकसान होत होतं. त्या रात्री मी स्टेटस पुसलं. पण पुसून काय होतं? डोक्यातला प्रश्न पुसला जात नाही. मला जो रस्ता हवाय, तो आजींना नकोय. मग रस्ता कुणाचा?

या सेमला आम्हाला ट्रान्सपोर्टेशनचं प्रॅक्टिकल होतं, ट्रॅफिक व्हॉल्यूम काउंट. सगळे ग्रुप हायवेवर बसले. मी एका मैत्रिणीला पटवून त्या पाणंदीच्या तोंडाशी बसले, जिथे ती कॅनॉलच्या रस्त्याला मिळते. रविवार, सकाळी सात ते नऊ. आमचा तक्ता असा भरला: मोटार शून्य. ट्रक शून्य. बस शून्य. मोटारसायकली चार. सायकली दोन. ट्रॅक्टर-ट्रॉली एक. बैलगाडी एक. मेंढ्या मोजायचा प्रयत्न केला, नंतर सोडून दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेगवेगळ्या वाहनांची बेरीज करता यावी म्हणून प्रत्येकाला मोटारीच्या हिशेबात एक आकडा देतात, त्याला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या तक्त्यात ग्रामीण रस्त्यांसाठी मोटार म्हणजे 1, मोटारसायकल आणि सायकल अर्धा-अर्धा, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी चक्क 8! कारण ती हळू चालते आणि मोटारींची वाट अडवते. आमची बेरीज साडेपंधरा आली. त्यातले आठ एकट्या बैलगाडीचे.

आणि त्या दोन तासांत पायी गेलेली माणसं होती एकतीस. त्यांतल्या एकोणीस बायका. खुरपी घेतलेल्या, डोक्यावर वैरणीचा भारा, कडेवर मूल. आमच्या तक्त्यात त्यांना रकानाच नव्हता. एकतीस माणसांची बेरीज शून्य. आम्ही कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं. सरांनी विचारलं, "हे काय?" मैत्रीण म्हणाली, "सर, ट्रॅफिक." सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

तर मित्रांनो, माझं मत एवढंच आहे. ज्याला आपण 'ट्रॅफिक-फ्री' रस्ता म्हणतो, तो रिकामा रस्ता नसतो. फक्त आपल्यासारख्यांची वाहनं तिथे नसतात. तो रस्ता कुणाचातरी असतो, आणि आपण तिथे पाहुणे असतो. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की बाकीचे बरेच प्रश्न सरळ होतात.

पहिला प्रश्न, मुरूम की डांबर?

जगात आज 'ग्रॅव्हल सायकलिंग'ची मोठी हवा आहे. रुंद टायरच्या, वाकड्या हँडलच्या खास सायकली निघाल्या आहेत. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या खडीच्या रस्त्यांवर 2006 पासून दोनशे मैलांची शर्यत होते. त्याहून मला जास्त आवडते ती इटलीतली गोष्ट. टस्कनीत पांढऱ्या मातीचे जुने रस्ते आहेत, 'स्त्रादे ब्यांके'. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून 1997 मध्ये काही लोकांनी 'लेरोइका' नावाची सायकल फेरी सुरू केली, जुन्या सायकली आणि जुने लोकरी जर्सी घालून. आज तिथे जगभरातून लोक येतात, आणि तिथल्या पांढऱ्या रस्त्यांचं कौतुक होतं.

हे वाचून आमच्या वर्गातला एक हुशार म्हणाला, "बघ, म्हणजे आपणही पाणंदी वाचवल्या पाहिजेत." नाही रे बाबा! ते रस्ते तिथल्या लोकांनी, आपल्या घरासमोरचे रस्ते म्हणून, वाचवले. आजींची पाणंद वाचवायची की नाही हे मी हॉस्टेलच्या गादीवर बसून ठरवणं म्हणजे त्यांच्या सुनेची बाज दुसऱ्याने उचलायची आणि फोटो मी काढायचा.

पण म्हणून सगळीकडे काँक्रीट ओता, हेही उत्तर नाही. इथे मला थोडं सिव्हिलवालीच्या अधिकाराने बोलू द्या. आपल्या डोक्यात दोनच खाने आहेत, 'डांबरी रस्ता' आणि 'रस्ता नाही'. मधला खाना कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारत नाही. खडी-मुरमाचा नीट बांधलेला रस्ता हा अर्धवट राहिलेला रस्ता नसतो, तो पूर्ण रस्ता असतो. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने 2008 मध्ये वेगळं पुस्तक काढलंय, एसपी 77. त्याचं सार असं की मुरमाच्या रस्त्याचा शत्रू चाक नाही, पाणी. म्हणून त्याला डांबरी रस्त्यापेक्षा जास्त आडवा उतार द्यावा लागतो, मधोमध उंच, कडांना खाली. दोन्ही बाजूंना गटार लागतं. ओढा-ओघळ जिथे आडवा येतो तिथे पाइपची मोरी लागते. आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा मुरूम टाकून दाबावा लागतो. आजींच्या पाणंदीत यातलं एकही नाही. वर्षानुवर्षं गाड्यांनी चाकोऱ्या पडून ती शेतांपेक्षा खाली गेली आहे, म्हणून सगळ्या शेतांचं पाणी तिच्यात उतरतं. पाणंद कसली, तो ओढाच झालाय. आता यात नुसतं काँक्रीट ओतलं आणि गटार केलंच नाही, तर पाणी जाणार कुठे? कुणाच्यातरी शेतात. मग पुन्हा भांडण.

भांडणांचाही एक मोठा अध्याय आहे. तलाठी कार्यालयात गावाचा नकाशा बघायला मिळाला तेव्हा मला फार मजा वाटली. त्यात दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. म्हणजे कागदावर आजींच्या पाणंदीतून ट्रॉली आरामात जाते. जमिनीवर मात्र आम्ही टेप धरला तेव्हा एका ठिकाणी नऊ फूट भरले. दोन्हीकडून दरवर्षी नांगराचं एक-एक तास आत सरकत गेलंय. यासाठी कायदे आहेत. अडवलेली वाट मोकळी करायला 1906 चा मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट, आणि शेताला वाटच नसेल तर बांधावरून वाट मागायला 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर 2000 मध्ये आली, पण ती वस्तीला जोडते, सपाट भागात पाचशे लोकवस्तीपासून पुढे. शेताला नाही. शेतरस्त्यांसाठी राज्याने 2021 मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' काढली, रोजगार हमीच्या पैशाला जोड देऊन. आजींच्या मुलाने अर्ज केला होता. घोडं अडलं होतं ते मोजणीवर आणि दोन भावकीतल्या बांधावर.

इथे आपण उपयोगी पडू शकतो असं मला वाटतं. दरवर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट म्हणून आपण त्याच त्या फ्लाय-अ‍ॅश काँक्रीटचे ठोकळे फोडतो. त्याऐवजी दोन ग्रुपनी दोन पाणंदी घ्याव्यात. लेव्हल्स काढाव्यात, पाणी कुठून येतं ते बघावं, मोरी कुठे हवी ते दाखवावं, किती घनमीटर मुरूम लागेल ते सांगावं. नकाशा गावाला द्यावा आणि निर्णय गावाला घेऊ द्यावा. त्यांनी डांबर म्हटलं तर डांबर. माझ्या टायरखालचा चुरचुर आवाज गेला तर गेला.

दुसरा प्रश्न आमच्या गेटचा.

मुलांच्या हॉस्टेलचं गेट पहाटे साडेपाचला उघडतं. आमचं सातला. मी रेक्टर मॅडमकडे रविवारी सहाला सोडा म्हणून अर्ज केला, त्यावर शेरा आला, "मार्ग निर्जन असल्याने परवानगी नाही." मॅडमना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही झोप लागली नसती. पण 'निर्जन' या शब्दाशी माझं भांडण आहे. दोन तासांत एकतीस माणसं, त्यांतल्या एकोणीस बायका, हा रस्ता निर्जन कसा? तिथे मोटारी नाहीत, म्हणून तो आपल्याला निर्जन दिसतो.

भीती वाटली नाही असं खोटं सांगणार नाही. डिसेंबरमधल्या एका रविवारी कॅनॉलवर एक मोटारसायकलवाला मला ओलांडून पुढे गेला, वळून आला, पुन्हा गेला, पुन्हा वळला. तिसऱ्यांदा त्याने वेग कमी केला. एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला उसाची भिंत. माझ्या घशाला कोरड पडली. हायवे असता तर मी काय केलं असतं? कुठली गाडी थांबली असती? पण तिथे उसाच्या पलीकडच्या पट्टीत चार-पाच बायका घेवडा तोडत होत्या. मी सायकल टाकली आणि सरळ त्यांच्यात जाऊन उभी राहिले. काही बोलायची गरजच पडली नाही. त्यांच्यातल्या एक काकू कमरेवर हात ठेवून रस्त्यावर आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कुनाचा रं तू? नाव सांग बापाचं!" गाडी जी सुटली ती पुन्हा दिसली नाही. मग त्यांनी मला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला, आणि "एकटी नगं येत जाऊ, मैतरणी आन," असं बजावलं.

मॅडम, त्या काकूंचंच म्हणणं मी अर्जात लिहिते आहे. एकटीला सोडू नका. तिघींना सोडा. रजिस्टरमध्ये मार्ग लिहून घ्या, परत यायची वेळ लिहून घ्या, कॅनॉलच्या पाटकरी मामांचा फोन नंबर ऑफिसात ठेवा. ते भले गृहस्थ आहेत, रोज तोच रस्ता फिरतात आणि आता आम्हाला सायकलवरून ओळखतात. रविवारी सहाला गेट उघडलं तर आम्ही उन्हाच्या आत परत येतो. सातला उघडलं तर येताना ऊन आणि उसाचे ट्रॅक्टर दोन्ही भेटतात. हवं तर पहिल्या रविवारी तुम्हीच चला. तुमच्यासाठी सायकलची सोय मी करते.

आता जे निघायच्या तयारीत असतील त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

लाखाची सायकल लागत नाही. जिन्याखाली पडलेली कुठलीही साधी सायकल चालते, टायर जरा रुंद असला की झालं. हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे टायर खड्याला अंग देतो आणि हात बधिर होत नाहीत. पंक्चरचं सामान आणि पंप हवाच, कारण बाभळीचा काटा कुणालाही ओळख दाखवत नाही. गवतातून आल्यावर टायरवरून हात फिरवायची सवय लावा, जाड हातमोजा घालून. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांना पूर्ण वाट द्या, त्यांना ब्रेक लागायला वेळ लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवर्तन चालू असताना कॅनॉलमध्ये उतरू नका, पाय धुवायलासुद्धा नाही. वरून पाणी शांत दिसतं, पण उतरती बाजू शेवाळाने गुळगुळीत झालेली असते. पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पाटकरी मामांनी हे मला ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून त्यांनी काय काय बघितलं असेल याचा अंदाज आला.

आणि पाहुण्याने पाळायच्या गोष्टी. ब्लूटूथ स्पीकर हॉस्टेलवर ठेवा. घेवड्याच्या शेंगेला हात लावायचा नाही, कोरेगावचा वाघ्या घेवडा जीआय मिळालेला आहे, म्हणजे आपल्या मेसच्या राजम्याचा खानदानी भाऊ! वेफर्सची पाकिटं परत आणा. मेंढरं आली की उतरा. समोरचं माणूस म्हातारं असेल तर आधी आपण "राम राम" म्हणा. आणि फोटो काढायचाच असेल तर विचारून काढा.

जानेवारीत मी पुन्हा पाणंदीवर गेले. भावकीचं काहीतरी मिटलं होतं. तोंडाशी मुरमाचे ढीग पडले होते, जेसीबीने दोन्हीकडे चर काढले होते. बाभळीची कमान निम्मी गेली होती, मधली गवताची पट्टी तर पूर्णच. खरं सांगते, क्षणभर पोटात कसंतरी झालं. तेवढ्यात मागून ट्रॉली आली, मी सायकल चरापलीकडे ओढली. उसाने भरलेली ट्रॉली डुलत डुलत, न रुतता डांबरीकडे गेली. आजी दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"तिसरी," आजी म्हणाल्या. "तुरा यायच्या आत."

मग माझ्या सायकलीकडे बघून म्हणाल्या, "तुला आता खडबडीत लागंल बग."

लागलं. ओला मुरूम अजून दबलेला नव्हता, टायर आत जात होते. अर्धी पाणंद मी सायकल ढकलत चालत गेले. वाटेत समोरून आलेल्या बायकांनी विचारलं, "काय गं, पंक्चर?" म्हटलं, "नाही, रस्ता नवीन आहे."

(तृतीय वर्ष, स्थापत्य)